उसनी हजेरी

डोंबिवली स्टेशनाबाहेर उत्तम भोईर रिक्षावाल्यांशी वाद घालत उभा होता. काखेत चंदेरी पिशवी, पिशवीत वहीएवढं हिरवं कार्ड. नवेखारचं नाव काढलं की रिक्षावाले मान फिरवत होते. शेवटी एक जण तयार झाला, तोही खाडीच्या बांधापर्यंतच. "पुढे चिखल आहे, गाडी नाय टाकणार," असं त्याने आधीच बजावून ठेवलं.

उत्तमचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि कारणही तसंच होतं. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कंपनीत त्याच दुपारी मोठ्या साहेबांची मीटिंग होती. तात्पुरत्या नेमणुकीवर राबणाऱ्या पोरांना एकेकाचं नाव पुकारून समोर बसवायचं आणि कुणाला कायम करायचं ते तिथल्या तिथे ठरवायचं, असा बेत होता. जो हजर नसेल त्याने पुढच्या वर्षाची वाट बघायची. आणि पुढच्या वर्षी कंपनी असेल की नाही, हे कंपनीलाच ठाऊक नव्हतं. उत्तमच्या घरात खुर्चीवर बसून पगार आणणारा तो पहिलाच. ती खुर्ची पक्की व्हावी एवढंच त्याला हवं होतं, आणि नेमका त्याच दिवशी सबनीस साहेबांनी त्याला नवेखारला पिटाळलं.

"अरे, तासाभराचं काम आहे. कार्ड खोचायचं आणि परत यायचं."

सबनीसांना सगळीच कामं तासाभराची वाटायची, कारण ती दुसऱ्याने करायची असत.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. उत्तमची कंपनी खेड्यांसाठी छोटी टेलिफोन एक्स्चेंज बनवायची. गोदरेजच्या कपाटाएवढी पेटी, पेटीत ओळीने खण, प्रत्येक खणात एकेक कार्ड खोचायचं आणि एका कार्डावर आठ घरांचे फोन चालवायचे. या कार्डांवर नजर ठेवणारा प्रोग्राम उत्तमने लिहिला होता. तो शाळामास्तरासारखा दर सेकंदाला सगळ्या खणांची हजेरी घ्यायचा. खणातून "हजर" असं उत्तर आलं की पुढे जायचं. तीन हाका मारूनही उत्तर नाही आलं तर कार्ड मेलं असं धरायचं, लाल दिवा लावायचा आणि घंटा बडवायची.

आता प्रोग्राम तपासायचा तर समोर कार्डं हवीत. ती उत्तमला कधी मिळालीच नाहीत. कार्ड तयार झालं रे झालं की हार्डवेअरवाले पळवायचे, नाहीतर त्यातली एखादी चिप बंदरावर कस्टममध्ये अडकलेली असायची. मागून मागून तोंड दुखलं, तेव्हा वैतागून उत्तमने नसलेल्या कार्डाचं सोंग घेणारा दुसरा प्रोग्राम लिहिला. खण रिकामा असला तरी तो आतून "हजर" म्हणायचा. एवढंच नाही, त्या नसलेल्या कार्डावरचे नसलेले फोन उचलायचा, नंबर फिरवायचा, बोलल्यासारखं करून ठेवून द्यायचा. कॉलेजात मित्रासाठी देतात तसली ही हजेरी, म्हणून उत्तमने त्याला नावही प्रॉक्सी असंच दिलं. खरं कार्ड आणि प्रॉक्सी दोघंही एकदम बोलले तर गोंधळ नको, म्हणून त्याने एक नियम घालून ठेवला होता: जे उत्तर आधी येईल ते धरायचं, दुसऱ्याकडे लक्षच द्यायचं नाही.

बाळकुमच्या घरी एकदा जेवताना त्याने हे सगळं बापाला समजावून सांगितलं होतं. काळुराम भोईरांचा जन्म मिठागरात गेलेला. मीठ गेलं, जमिनी गेल्या, वर्तकनगरसारख्या वसाहती गावाच्या अंगावर आल्या, तरी म्हातारा बोलायचा मिठागरातलंच.

"म्हंजे उसनी हजेरी," काळुराम म्हणाले. "आमचे मिठागरान चालायची. मुकादम नाव पुकारायचा, गडी आयला नसंल तं मागशी दुसरा बोलायचा, हजर. पन ती फेडायला लागं. आज तू माजी दिलीस, तं उद्या मी तुजी देनार. उसनी ठेवायची नाय."

"आणि तो गडी आलाच नाही परत, तर?"

"यायचा असंल त्याचीच द्यायची रे," काळुराम चिडले. "नाय येनार त्याची दिलीस कशाला?"

उत्तमच्या आईने, सखुबाईंनी, दोघांना गप्प जेवायला सांगितलं आणि तो विषय तिथेच संपला.

नवेखारला एक्स्चेंज बसवलं तेव्हा शेवटच्या खणाचं कार्ड आलंच नव्हतं. कोळीवाड्यातल्या घरांत फोन ठेवून झाले, तारा ओढून झाल्या, पण कार्ड कस्टममध्ये. आणि सरकारी तपासणी तोंडावर. लाल दिवा दिसला की तपासणीवाले नापास करणार, एक्स्चेंज नापास झालं की कंपनीचं पुढचं काम जाणार.

"प्रॉक्सी चालू ठेव," सबनीस म्हणाले होते.

"साहेब, ती ऑफिसात टेस्टिंगसाठी आहे. खऱ्या एक्स्चेंजात..."

"तपासणी होऊ दे, मग काढ. तुला कायम व्हायचंय ना?"

उत्तमने चालू ठेवली. तपासणीवाल्यांनी दिवे बघितले, नारळपाणी प्यायले आणि पास करून गेले. त्यानंतर कार्ड यायला चांगले तीन आठवडे लागले. तेवढे दिवस नवेखारच्या त्या रिकाम्या खणातून, दर सेकंदाला, प्रॉक्सी हजेरी देत होती.

बांधावरून चिखल तुडवत उत्तम गावात पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एक्स्चेंज मिठाच्या जुन्या गोदामात होतं. भिंतींना मिठाची खपली, आत ओलसर गारवा. किल्ली सांभाळणारा पंचायतीचा धोंडीबा दारातच बसला होता.

"कार्ड आणलं, काका. कोळीवाड्याचे फोन आज सुरू होतील."

धोंडीबाने त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. "आज? मनुबायचा तं कवाच चालू झाला. दिसभर बोलतंय ती."

"कसा चालेल? कार्डच नाही!"

"मना काय म्हायती? रिंग वाजतंय, ती उचलतंय, बोलतंय. मी सोता पायलाय."

उत्तमचं टाळकंच सरकलं. नोकरीला लागल्यापासून दीड वर्ष हेच ऐकत आला होता तो. नाही म्हटलं की चालतंय म्हणायचं, चालतंय म्हटलं की बिघडलं म्हणायचं. तो पेटीच्या मागे गेला. शेवटचा खण रिकामा होता. कोळीवाड्याच्या तारांचा जुडगा कापडी चिकटपट्टी लावून खाली लोंबत ठेवलेला होता, त्याने स्वतःच ठेवला होता तसाच. तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. फक्त त्या खणातून खाडीच्या गाळाचा वास येत होता, ओहोटीला येतो तसा.

त्याने पुढे येऊन पडद्यावर पाहिलं. शेवटचा खण, पहिली लाइन. बोलणं चालू.

प्रॉक्सीचं सोंग, उत्तमने स्वतःला समजावलं. पण प्रॉक्सीचं बोलणं दोन-तीन मिनिटांत संपायचं, त्यानेच तसं लिहिलं होतं. हे बोलणं सकाळपासून चालू होतं.

"पहिली लाइन कुणाची?"

"मनुबायचीच," धोंडीबा म्हणाला. "चल, दाखवतंय तुना."

मनुबाईचं घर गोदामामागेच होतं. जाता जाता धोंडीबाने खालच्या आवाजात सांगितलं, की दोन वरसांमागं भर दुपारी खाडीत होरी उलटली. गावात फोन नव्हता, कल्याणहून माणसं यायला संध्याकाळ झाली. बाकीचे गावले. मनुबाईचा मुलगा मोरू तेवढा गावला नाही. गावाने फोनसाठी अर्जावर अर्ज केले ते त्यानंतरच.

घरात सुक्या मासळीचा वास होता आणि त्याखाली तोच दुसरा, गाळाचा. म्हातारी जमिनीवर बसून, रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून ऐकत होती. उत्तमला बघून तिने हातानेच बस म्हणून खुणावलं.

"मावशी, हा फोन अजून जोडलेला नाही," उत्तम म्हणाला.

"माज्या मोरूचा हाय," ती कौतुकाने म्हणाली. "रोज करतंय. त्याला थंडी लय वाजतंय... नि रोज एकच इचारतंय."

"काय?"

"माजी हजेरी कोन देतंय, म्हनून. मी बोल्ली, मना नाय म्हायती बाबा, एक्स्चेंजवाला आयला की इचारीन."

धोंडीबा दारातून दोन पावलं मागे सरकला. उत्तमने आधी हसायचा प्रयत्न केला. हजेरीचं या बाईला कुणी सांगितलं? ते तर फक्त ऑफिसातल्यांना ठाऊक. सबनीसांनी कुणाला तरी सांगून ही चेष्टा चालवली असणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचा पारा चढला. तिकडे मीटिंगची वेळ जवळ येत होती आणि इथे साहेबांना चेष्टा सुचत होती. त्याने हात पुढे केला. म्हातारीने रिसीव्हर दिला.

आवाज नव्हता. मेलेल्या तारेत नसतोच. मग खूप खालून, पाणी हलल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि त्या पाण्यातून माणूस वर यावा तसा हळूहळू एक आवाज वर आला.

"कोन...?"

"एक्स्चेंजमधून बोलतोय. उत्तम भोईर."

"उत्तम भोईर..." आवाजाने नाव जिभेवर घोळवलं. "माजी हजेरी... तूच देतंस?"

"हो बाबा, मीच देतो!" उत्तम खेकसला. "आणि आज बंद करतोय. झाली चेष्टा?"

पलीकडे पाणी हललं.

"लय झाल्या..." आवाज म्हणाला. "फेडीन... सगल्या फेडीन."

मग काहीच नाही. उत्तमने रिसीव्हर ठेवला, तेव्हा त्याचा कान ओला झाला होता. घाम असेल, असं म्हणून त्याने तो रुमालाने पुसला. रुमालाला मिठाचे कण लागले.

गोदामात परत येऊन त्याने एक क्षणही घालवला नाही. प्रॉक्सी बंद केली. तीन हाका गेल्या, तिन्हींना उत्तर आलं नाही, लाल दिवा लागला आणि घंटा घणघणली. ज्या घंटेने त्याला दीड वर्ष छळलं होतं, ती ऐकून त्या दिवशी त्याला केवढं बरं वाटलं! खण रिकामा होता आणि पेटी खरं बोलत होती. त्याने तारा जोडल्या, कार्ड खोचलं. घंटा थांबली, दिवा हिरवा झाला. सगळे खण हजर.

चाचणीसाठी त्याने मनुबाईचा नंबर फिरवला. मागच्या घरात रिंग वाजलेली भिंतीपलीकडून ऐकू आली.

"हॅलो, मावशी? ऐकू येतंय? आता तुमचा फोन खराखुरा चालू झाला."



"या फोनान कुनी नाय," ती म्हणाली. "तू बोलतंस, पन यान कुनी नाय. मेल्या, चांगला चाललेला फोन बिघरवलास तू माजा." आणि ती रडायला लागली.

उत्तमला भयंकर वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. तो तडक निघाला. बांधाच्या टोकाला रिक्षा नव्हती, कल्याणकडे जाणारी एसटी तासाभराने आली आणि वाटेत बंद पडली. मीटिंगची वेळ कधीच टळून गेली होती. दीड वर्षाची मेहनत एका कार्डापायी खाडीत गेली, असं तो खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिला.

वागळे इस्टेटला पोचला तेव्हा ऑफिस सुटत होतं. सबनीस पायऱ्या उतरत होते.

"साहेब, कार्ड बसवलं. पण मीटिंग..."

सबनीस पुढे निघून गेले. उत्तमला वाटलं, मुद्दाम तोंड फिरवलं. त्याने धावत जाऊन त्यांचा दंड धरला तेव्हा ते दचकले.

"अरे, तू अजून इथेच? मघाशी घरी जातो म्हणालास ना?"

"मी? मी आत्ता येतोय, साहेब. नवेखारहून."

"नवेखारला जाऊ नकोस म्हणणारच होतो मी," सबनीस हसले. "पण तू शहाणा, गेलाच नाहीस. बरं केलंस. मोठ्या साहेबांनी नाव पुकारलं, उत्तम भोईर, आणि मागून तू खणखणीत हजर म्हणालास. बास! नंतर तोंडातून अक्षर काढलं नाहीस ते आणखी छान. पक्की झाली तुझी जागा. पेढे आण उद्या."

"साहेब, तो मी नव्हतो. ऐका तरी..."

पण सबनीस स्कूटरला किक मारत होते. त्यांनी उत्तमच्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही. उत्तम वर पळाला. त्याच्या टेबलापाशी कुणी नव्हतं. खुर्चीची गादी पिळून काढावी इतकी ओली होती, आणि की-बोर्डच्या बटणांवर पांढरं मीठ वाळत होतं.

घरी जातो म्हणालास ना?

उत्तमला आठवलं, आणि तो जिना तीन-तीन पायऱ्या गाळत उतरला. रस्त्यावर हात करून करून दमला, एकही रिक्षा थांबली नाही. रिकाम्या रिक्षा त्याच्या अंगाजवळून, जणू रस्ता मोकळाच आहे अशा जात होत्या. तो अर्धं अंतर चालला, अर्धं धावला. मनात एकच हिशोब फिरत होता, आणि तो हिशोब काही केल्या थांबत नव्हता. दर सेकंदाला एक. तीन आठवडे. फेडीन, सगल्या फेडीन.

बाळकुमला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. घराचं दार उघडं होतं. ओटीवर काळुराम बिडी ओढत बसले होते. आत सखुबाई चुलीपाशी होत्या, भाकरी थापल्याचा ओळखीचा आवाज येत होता. सगळं नेहमीसारखंच होतं.  त्याने पायरीवर चपला काढल्या.

"उत्तम!" आईने आतून हाक मारली. "आयलास कं रं?"

"आलो गं," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"आलो गं."

आवाज माजघरातून आला. शब्द त्याचे, हेल त्याचा, थकलेला सूरही त्याचाच. फक्त त्याच्या अर्धा क्षण आधी.

"आई!" उत्तम ओरडला. "आई, मी इथे आहे! दारात!"

सखुबाई भाकरीचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्याच्या इतक्या जवळून गेल्या की पदर त्याच्या हाताला लागला. त्यांनी मान वळवली नाही. त्या माजघरात शिरल्या आणि ताट ठेवल्याचा आवाज झाला.

"केवढा भिजून आयलास रं," त्या आत म्हणत होत्या. "जेव आधी. नि तुजी जागा पक्की झाली कं?"

"झाली, आई."

उत्तम बापाकडे वळला. गुडघ्यांवर बसला. "बाबा... उसनी हजेरी थांबवायची कशी? सांगा ना. थांबवायची कशी?"

काळुरामांनी बिडी विझवली. नाक आक्रसून त्यांनी अंधारात, थेट उत्तमच्या तोंडाकडे, बराच वेळ पाहिलं.

"सखू," ते उठता उठता म्हणाले, "दार लावतंय गो. भायेरशी खाडीचे गालाचा वास येतंय."

ते आत गेले. दार लागलं. मग आतून कडी घातल्याचा आवाज आला.